स्टोइक व्हायला गेलो आणि घुमा झालो : या चुका टाळा

सोलापुरात ज्यांच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यांना रागाबद्दल वेगळं काही सांगायला नको. गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीत पहाटे अडीचला पाणी सुटलं. दोन घागरी भरल्या, तिसरीला धार करंगळीएवढी झाली आणि भिंतीपलीकडून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. शेजाऱ्यांनी थेट नळालाच मोटर जोडली होती. मी तेव्हा नुकताच मार्कस ऑरेलियस वाचायला घेतला होता. हा रोमन सम्राट स्टोइक होता, म्हणजे मनावर ताबा ठेवायला शिकवणारं प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञान मानणारा. म्हणून काही बोललो नाही. पुढच्या पाण्यालाही नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. चौथ्या खेपेला पोरानं आंघोळीला एक बादली जास्त घेतली आणि मी त्याच्यावर असा ओरडलो, की समोरच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. वड्याचं तेल वांग्यावर. बायको एवढंच म्हणाली, "पुस्तक वाचायच्या आधी निदान ज्याच्याशी भांडायचं त्याच्याशी भांडत तरी होता."

राग गिळणं म्हणजे स्टोइक होणं, ही चूक जवळपास सगळेच करतात. मोबाईलवर जे व्हिडिओ फिरतात त्यांत स्टोइक माणूस म्हणजे दगडी चेहऱ्याचा, कशाचंच काही न वाटणारा पैलवान असतो. मूळ मंडळी असं म्हणत नव्हती. सेनेका या रोमन स्टोइकानं इसवी सनाच्या पहिल्या शतकात खास रागावर ग्रंथ लिहिला. त्यात तो रागाच्या तीन पायऱ्या सांगतो. पहिली म्हणजे आत बसलेला झटका. छाती धडधडते, कान तापतात. हा आपल्या ताब्यात नसतो आणि त्याची लाज बाळगायचंही कारण नाही. दुसऱ्या पायरीवर मन एक वाक्य बोलतं, 'माझ्यावर अन्याय झाला, याला धडा शिकवला पाहिजे', आणि आपण त्याला मान डोलावतो. तिसऱ्या पायरीवर गाडीचा ब्रेक गेलेला असतो. काम करायला जागा आहे ती दुसऱ्या पायरीवर. मी मात्र पहिलीवरच तोंड दाबून बसलो होतो आणि आतलं वाक्य तसंच शिजत ठेवलं होतं.

माझे वडील यंत्रमागावर होते. ताण्याचा धागा तुटला की ते माग थांबवायचे, वाकून तुटलेलं टोक शोधायचे, गाठ मारायचे आणि मगच माग सोडायचे. रागाचंही असंच तुटलेलं टोक शोधावं लागतं. मी वहीच्या मागच्या पानावर दोन ओळी लिहितो. पहिलीत फक्त घडलं ते : 'मोटर लागली, धार बारीक झाली.' दुसरीत मी त्याला जोडलेलं : 'ते मला मुद्दाम डिवचतात, मला कस्पटासमान समजतात.' पहाटे अडीचला खरं वाटलेलं दुसरं वाक्य सकाळी चहा घेताना वाचलं की बहुतेक वेळा हसूच येतं. आणि समजा ते खरं निघालं, तर पुढे काय करायचं ते तरी ठरवता येतं.

इथेच दुसरा खड्डा आहे. 'जे आपल्या हातात नाही ते सोडून द्या' हे वाक्य आळशी माणसाला फार सोयीचं पडतं. एपिक्टेटस हा स्टोइक गुरू गुलामगिरीत जन्मला, पुढे ग्रीसमध्ये निकोपोलिसला शिकवू लागला. त्याची शिकवण शिष्य अरियननं टिपून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत आली. शरीर, मालमत्ता, नावलौकिक, हुद्दा हे पूर्णपणे आपलं नाही, आपलं मत आणि आपण काय करायचं ते आपलं, असं तो सांगतो. म्हणजे करणं आपल्याकडेच राहिलं की! स्टोइकांचा तिरंदाजाचा दाखला प्रसिद्ध आहे : नेम नीट धरून बाण सोडणं त्याचं काम, सुटल्यावर वाऱ्यानं तो वळला तर त्याला इलाज नाही. शेजाऱ्यांनी मोटर बंद करणं माझ्या हातात नव्हतं. सकाळी सात वाजता जाऊन बोलणं होतं. गेलो. त्यांचे अण्णा म्हणाले, "ओ, आमची टाकी दुसऱ्या मजल्यावर आहे, चढतच नाही पाणी. तुमच्याकडे कमी येतंय म्हणून बोलायचं की मग, तीन आठवडे काय केलात?" आता पहिला अर्धा तास ते मोटर लावत नाहीत. कधी कधी लावतात. मग मी पुन्हा जातो.

वेळेची चूकही नडते. राग डोक्यात गेल्यावर तत्त्वज्ञान आठवत नाही, कितीही पाठ असलं तरी. तेव्हा एकच उपाय चालतो, सेनेकानंच सांगितलेला : उशीर लावायचा. घागर ठेवायची, आत जायचं, पाणी प्यायचं. बाकी तयारी आधीच हवी. एपिक्टेटस म्हणतो, सार्वजनिक स्नानगृहात निघालास तर तिथे कोण पाणी उडवेल, कोण ढकलेल, कोण चोरी करेल हे आधीच डोळ्यांपुढे आण. आपल्याकडे सोलापुरात ही तालीम सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत फुकट होते. जानेवारीत होम मैदानावर लेकरं घेऊन जाणार असाल तर पायावर पाय पडणार, पाळण्याच्या रांगेत कुणीतरी मध्ये घुसणार, हे घरातून निघतानाच गृहीत धरा. मी धरतो. तरी पाळण्याचे दर ऐकून झटका बसतोच, पण तो पहिल्या पायरीचा.

दुसऱ्याला स्टोइक पाजू नका. माझ्या मित्राची आई गेली तेव्हा मी त्याला मृत्यूबद्दलचं एक वचन पाठवलं होतं. त्यानं दोन आठवडे फोन घेतला नाही, आणि बरोबरच केलं. शोक करणाऱ्याला शब्दांनी आधार द्या, वेळ पडली तर त्याच्याबरोबर हळहळा, असं एपिक्टेटसच सांगतो. मी ते पान नंतर वाचलं.

रात्रीच्या उजळणीतही लोक घसरतात. दिवा मालवल्यावर, बायको बोलायची थांबल्यावर सेनेका दिवसभराचा हिशेब मांडायचा : कुठे जास्त बोललो, कुणाला दुखावलं. पण त्या हिशेबाचा शेवट तो 'पुन्हा असं करू नकोस, या वेळी तुला माफ करतो' अशा बोलीनं करतो. आपण पहिला भाग घेतो आणि माफीचा सोडतो. मग उजळणी म्हणजे स्वतःला झोडपण्याचा कार्यक्रम होतो आणि झोप जाते. पाच मिनिटं, एक प्रसंग, आणि दिवा बंद.

झोप अनेक आठवडे येतच नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ते वहीच्या दोन ओळींचं काम नाही. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं एपिक्टेटसकडून विचार उचलून आपली उपचारपद्धती उभी केली हे खरं, पण ती त्यातल्या शिकलेल्या माणसाबरोबर बसून करायची असते. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या नंबरावर आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.