मंदीतील सरकारी खर्चाविषयीची जनमत चाचणी कशी वाचावी

अमेरिकेत जॉर्ज गॅलप यांच्या संस्थेची पहिली जनमत चाचणी २० ऑक्टोबर १९३५ रोजी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. महामंदी अजून सरलेली नव्हती. बेकारांना आधार देण्यासाठी आणि अर्थव्यवस्था सावरण्यासाठी सरकार करत असलेला खर्च फार कमी आहे, फार जास्त आहे की योग्य आहे, असा या पहिल्याच चाचणीचा प्रश्न होता. ६० टक्के लोकांनी तो फार जास्त असल्याचे सांगितले, ३१ टक्क्यांना तो योग्य वाटला आणि अवघ्या ९ टक्क्यांना कमी. त्यानंतर वर्षभराने, नोव्हेंबर १९३६ मध्ये, हाच खर्च करणारे फ्रँकलिन रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून पुन्हा अध्यक्ष झाले.

त्या काळी चाचणीसाठी माणसे निवडण्याची पद्धत आजच्याइतकी काटेकोर नव्हती हे खरे. पण तेवढ्याने ही तफावत उलगडत नाही. सरकार गरजेपेक्षा जास्त खर्च करते असे मानणारा मतदार त्याच सरकारला पुन्हा निवडून देऊ शकतो, कारण चाचणीत त्याला फक्त खर्चाबद्दल विचारलेले असते आणि मतदानाच्या दिवशी त्याला समोर असलेल्या उमेदवारांतून एकाला निवडायचे असते. मंदी आली की अशा चाचण्यांचे पेव फुटते, आणि त्यांतील एखादी टक्केवारी उचलून ‘जनतेचा कौल’ म्हणून मिरवली जाते. ती टक्केवारी नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे ओळखण्याची एक रीत येथे मांडत आहे. उदाहरण म्हणून अमेरिकेतील २००९ चा पुनरुत्थान कायदा, म्हणजे मंदीतून सावरण्यासाठी आणलेले सरकारी पॅकेज, घेतला आहे, कारण त्याच्याविषयी चाचण्या पुष्कळ झाल्या आणि त्यांचे चुकीचे वाचनही तितकेच झाले.

आधी पॅकेज, मग चाचणी

चाचणीचे निकाल उघडण्यापूर्वी पॅकेजमध्ये काय आहे ते कागदावर मांडावे. बराक ओबामा यांनी १७ फेब्रुवारी २००९ रोजी डेन्व्हर येथे स्वाक्षरी केलेल्या या कायद्याची किंमत तेव्हा ७८७ अब्ज डॉलर धरली गेली होती. सर्वसाधारण समज असा होता, आणि आजही आहे, की ही रक्कम रस्ते आणि पूल बांधण्यासाठी होती. प्रत्यक्षात तिचा सुमारे एक तृतीयांश भाग करकपातीचा होता. आणखी एक मोठा भाग राज्य सरकारांना दिलेल्या मदतीचा होता; शिक्षकांचे पगार आणि गरिबांच्या आरोग्य योजनेतील राज्यांचा वाटा हे खर्च मंदीमुळे राज्यांना पेलवेनासे झाले होते, ते या मदतीतून भागवले गेले. बेकारी भत्ता आणि अन्नसाहाय्य हा तिसरा मोठा हिस्सा. रस्ते, पूल आणि रेल्वे यांच्या वाट्याला आलेली रक्कम त्यामानाने बरीच कमी होती.

ही मांडणी करण्याचे कारण असे की ‘सरकारी खर्च’ या दोन शब्दांत एवढ्या निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात की उत्तर देणाऱ्याच्या मनात त्यांतील कोणती होती हे चाचणीवरून कळतच नाही. आपल्याकडील उदाहरण द्यायचे तर मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या २० लाख कोटी रुपयांच्या पॅकेजचे देता येईल. त्या रकमेत रिझर्व्ह बँकेने बँकांना उपलब्ध करून दिलेला निधी होता, लघुउद्योगांच्या कर्जांना दिलेली सरकारी हमी होती, आणि सरकारच्या तिजोरीतून थेट जाणारा पैसा एकूण आकड्याच्या मानाने थोडा होता. अशा पॅकेजबद्दल ‘आपण समाधानी आहात का’ असे विचारले, तर एक जण आकड्याला उत्तर देतो, दुसरा आपल्या खात्यात काय आले त्याला.

प्रश्न मुळातून वाचावा

बातमीतील मथळा बाजूला ठेवून चाचणी घेणाऱ्या संस्थेने छापलेली मूळ प्रश्नावली शोधावी, आणि प्रश्न अक्षरशः, पर्यायांसह, उतरवून घ्यावा. यात आळस करू नये. निम्म्याहून अधिक गैरसमज येथेच सुटतात.

फेब्रुवारी २०१० मध्ये सीबीएस न्यूज आणि न्यूयॉर्क टाइम्स यांनी मिळून घेतलेल्या चाचणीचा एक निकाल तेव्हा फार गाजला. पॅकेजमुळे रोजगार निर्माण झाले असे केवळ ६ टक्के अमेरिकनांना वाटते, असे त्या निकालाचे रूप लोकांपर्यंत पोहोचले. मूळ प्रश्न मात्र वेगळा होता. पॅकेजमुळे नवे रोजगार ‘मोठ्या संख्येने’ आधीच निर्माण झाले आहेत का, अजून झाले नसले तरी पुढे होतील का, की होणारच नाहीत, असे तीन पर्याय लोकांपुढे ठेवले होते. ६ टक्के लोकांनी पहिला पर्याय निवडला, ४१ टक्क्यांनी दुसरा आणि ४८ टक्क्यांनी तिसरा. काही रोजगार निर्माण झाले, पण मोठ्या संख्येने नव्हे, असे ज्याचे मत होते त्याला पहिला पर्याय घेता येत नव्हता. शिवाय प्रश्न ‘नव्या’ रोजगारांचा होता. राज्यांना मिळालेल्या मदतीमुळे ज्या शिक्षिकेची नोकरी वाचली, तिची नोकरी नवी नव्हती. तिच्या दृष्टीने तर काहीच घडले नव्हते, ती नेहमीप्रमाणे वर्गावर जात होती. पॅकेजची मांडणी आधी का करावी ते येथे दिसते. ज्या खर्चाचे उद्दिष्ट असलेले टिकवणे हे होते, त्याचे मोजमाप नवे काय आले या प्रश्नाने केले गेले.

एका शब्दाने उत्तर किती फिरते याचा दीर्घकाळचा पुरावा अमेरिकेतील जनरल सोशल सर्व्हेमध्ये आहे. सरकार ‘गरिबांना मदत’ करण्यावर फार कमी खर्च करते, असे म्हणणाऱ्यांचे तेथे वर्षानुवर्षे बहुमत आहे. त्याच प्रश्नात ‘वेल्फेअर’ (सरकारी निर्वाहमदत) हा शब्द घातला की तेच उत्तर देणारे अल्पमतात जातात. म्हणून प्रश्न वाचताना तीन गोष्टींखाली रेघ मारावी : खर्चाचे नाव काय दिले आहे, रक्कम सांगितली आहे का, आणि तो पैसा कोठून येणार हे सांगितले आहे का. ‘मंदीत नोकऱ्या वाचवण्यासाठी शाळा आणि रस्ते यांवर सरकारने खर्च करावा का’ आणि ‘तूट वाढली तरी सरकारने कर्ज काढून शेकडो अब्ज खर्च करावेत का’ हे मी केवळ नमुन्यादाखल लिहिलेले दोन प्रश्न एकाच कायद्याला लागू पडतात, आणि त्यांची उत्तरे एक येतील अशी अपेक्षा कोणी धरू नये.

तारीख पाहावी

२००९ चा हाच कायदा काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, असताना, फेब्रुवारी २००९ च्या पहिल्या पंधरवड्यात, गॅलपच्या चाचणीत पाठिंबा वाढून ५९ टक्क्यांवर गेला, तर प्यू रिसर्च सेंटरच्या चाचणीत योजनेला चांगली कल्पना म्हणणारे जानेवारीतील ५७ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आले. देश तोच, दिवस जवळजवळ तेच. एका संस्थेने पाठिंबा की विरोध असे विचारले होते, दुसरीने कल्पना चांगली वाटते की वाईट असे. निरनिराळ्या संस्थांचे आकडे एकाच रेषेवर मांडून ‘पाठिंबा घसरला’ किंवा ‘वाढला’ असे म्हणण्यात अर्थ नसतो. कल पाहायचा असेल तर एकाच संस्थेने एकाच शब्दांत पुन्हा पुन्हा विचारलेला प्रश्न घ्यावा.

तारखेशेजारी त्या महिन्याची आर्थिक बातमीही लिहावी. जानेवारी २००९ मध्ये ओबामा यांच्या सल्लागार क्रिस्टिना रोमर आणि जॅरेड बर्नस्टीन यांनी एक अंदाज मांडला होता : पॅकेज आले तर बेकारीचा दर साधारण ८ टक्क्यांवर थांबेल, न आले तर ९ टक्क्यांपर्यंत जाईल. ऑक्टोबर २००९ मध्ये तो १० टक्क्यांवर पोहोचला. विरोधकांनी हा अंदाज पुढे कित्येक वर्षे वापरला, आणि सामान्य माणसाने त्यावरून पॅकेज फसले असा निष्कर्ष काढला तर तो दोष त्याचा म्हणता येणार नाही. अडचण अशी होती की अंदाज बांधताना मंदी किती खोल आहे हेच कळलेले नव्हते. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत अर्थव्यवस्था वार्षिक ३.८ टक्के दराने आकुंचन पावल्याचे सुरुवातीला जाहीर झाले. पुढे दुरुस्त झालेल्या आकडेवारीत तो दर ८ टक्क्यांहून अधिक निघाला. घर आधीच किती जळाले आहे हे न पाहता पाण्याच्या बंबाची परीक्षा करावी, तसे हे झाले.

मत, समज आणि परिणाम यांची गल्लत करू नये

या विषयावरच्या चाचण्यांत तीन प्रकारचे प्रश्न असतात. पहिला, तुमचा पाठिंबा आहे का. दुसरा, तुमच्या समजुतीप्रमाणे काय घडले. तिसरा, त्याचा उपयोग झाला का. पहिल्याचे उत्तर हे मत आहे आणि ते चूक किंवा बरोबर नसते. दुसऱ्याचे उत्तर तपासून पाहता येते.

वर उल्लेखिलेल्या फेब्रुवारी २०१० च्या चाचणीतच, ओबामा सरकारने बहुतेक अमेरिकनांचे कर कमी केले की वाढवले, असेही विचारले होते. कमी केले असे फक्त १२ टक्के लोक म्हणाले. २४ टक्क्यांच्या मते कर वाढले होते आणि ५३ टक्क्यांच्या मते होते तसेच राहिले होते. वस्तुस्थिती अशी की याच कायद्यानुसार बहुसंख्य नोकरदार कुटुंबांना करसवलत मिळत होती : एकट्या व्यक्तीला वर्षाला ४०० डॉलरपर्यंत, जोडप्याला ८०० डॉलरपर्यंत. लोक अडाणी होते असा याचा अर्थ लावणे मला अन्यायाचे वाटते. सवलत कशी दिली गेली ते पाहावे. धनादेश पाठवला तर लोक तो बँकेत ठेवतील, पगारात थोडी थोडी भर पडली तर खर्च करतील, अशा विचाराने सरकारने पगारातून होणारी करकपातच कमी केली. ४०० डॉलर वर्षभराच्या पंधरवडी पगारांत विभागले तर दर वेळी हाती पडणारी भर १५ डॉलरच्या आसपास भरते. त्याच काळात अनेकांचे कामाचे तास कमी झाले होते, विम्याचा हप्ता वाढला होता. पगारपत्रकावरची एवढीशी भर कोणाच्या डोळ्यांत भरणार? पैसा खर्च व्हावा म्हणून ज्या युक्तीने तो दिला, तिनेच तो दिसेनासा झाला.

याउलट मार्च २०२० च्या कायद्याने माणशी १,२०० डॉलरपर्यंत रक्कम थेट पाठवली, छापील धनादेशांवर डोनाल्ड ट्रम्प यांचे नावही होते. त्या पॅकेजला प्यूच्या चाचणीत दहापैकी जवळपास नऊ जणांनी योग्य म्हटले. महासाथीत संकटाचा दोष कोणावर येत नव्हता आणि दोन्ही पक्षांनी कायद्याला मत दिले होते, ही कारणेही त्यामागे होतीच. २००९ च्या कायद्याच्या बाजूने प्रतिनिधीगृहातील विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या एकाही सदस्याने मत दिले नव्हते. तरीही दिसणारा पैसा आणि न दिसणारा पैसा यांतील फरक चाचणी वाचताना लक्षात ठेवावाच लागतो.

समजुतीच्या प्रश्नांत आणखी एक सापळा असतो. बँकांना वाचवण्यासाठीची ७०० अब्ज डॉलरची योजना ऑक्टोबर २००८ मध्ये जॉर्ज बुश यांच्या कारकिर्दीत आली; पण जुलै २०१० मधील प्यूच्या पाहणीत ती ओबामा यांच्या काळातली असे ४७ टक्क्यांनी सांगितले, बुश यांच्या काळातली असे ३४ टक्क्यांनी. म्हणजे पॅकेजवरचा काही राग बँकांच्या योजनेवरचा असण्याची शक्यता वाचकाने धरूनच चालावे.

उपयोग झाला का, याचे उत्तर चाचणीत शोधू नये. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजानुसार २०१० च्या तिसऱ्या तिमाहीत या कायद्यामुळे काम असलेल्यांची संख्या १४ लाख ते ३६ लाखांनी अधिक होती. शिकागो विद्यापीठाने २०१२ मध्ये नामवंत अर्थतज्ज्ञांना विचारले तेव्हा, पॅकेजमुळे २०१० अखेरीस बेकारी कमी राहिली यावर ८० टक्के सहमत झाले. पण एकूण लाभ खर्चाहून जास्त होईल का, यावर होकार ४६ टक्क्यांचाच होता. तज्ज्ञांमध्येही दुसरा प्रश्न खुला होता, हे सांगितल्याशिवाय पहिला आकडा फेकणे प्रामाणिकपणाचे नाही.

आकडेमोड आणि लेखन

सुमारे १,००० जणांच्या चाचणीत प्रत्येक टक्केवारी दोन्ही बाजूंना साधारण ३ टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकते. त्यातील ३०० जणांचा उपगट काढला तर जवळपास ६ टक्क्यांनी. ५१ आणि ४९ यांतील फरकावर मथळा बांधू नये, आणि एखाद्या पक्षाच्या तरुण मतदारांवर तर मुळीच नाही. प्रौढ नागरिकांना विचारले की नोंदणीकृत मतदारांना, हेही पाहावे.

शेवटी आपल्याला काय कळले ते एका वाक्यात लिहावे, आणि त्या वाक्यात संस्था, महिना, प्रश्नाचे शब्द आणि ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यांचा वाटा हे सर्व यावे. वाक्य लांबले तरी चालेल. मूळ प्रश्न संस्थेने प्रसिद्धच केलेला नसेल, तर तो आकडा कितीही आपल्या मताच्या बाजूचा असला तरी वापरू नये.