रेकीची जपानी अक्षरे: ओळखायची कशी, लिहायची कशी

रेकी या जपानी उपचारपद्धतीच्या फलकांवर आणि प्रमाणपत्रांवर दिसणारी दोन कान्जी अक्षरे (चिनीतून जपानीत आलेली अक्षरे) म्हणजे 'रेइ' आणि 'की'. उभ्या मजकुरात 'रेइ' वर येते, आडव्यात डावीकडे. जुन्या पाट्या मात्र उजवीकडून वाचाव्या लागतात.

आधी रूप जुने की नवे ते पाहा. जुन्या 'रेइ'मध्ये 24 रेघा, 'की'मध्ये 10. नव्या रूपांत अनुक्रमे 15 आणि 6. मिकाओ उसुई (1865–1926) यांनी 1922 मध्ये ही उपचारपद्धती शिकवायला सुरुवात केली तेव्हा जुनी रूपे प्रचारात होती. सुटसुटीत रूपे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लिपीसुधारणेत आली. दोन्ही बरोबर आहेत. एक अक्षर जुने आणि एक नवे अशी सरमिसळ मात्र जपानी वाचकाला लगेच खटकते.

जुने 'रेइ' तीन थरांचे आहे: वर पाऊस, मध्ये ओळीने तीन चौकोन, खाली देवांशी संवाद साधणारी व्यक्ती. 'तीन तोंडे पावसासाठी प्रार्थना करतात' असा अर्थ सर्रास सांगितला जातो. तो लक्षात ठेवायला सोपा आहे, पण पुरावा वेगळे सांगतो. सर्वांत जुन्या चिनी लेखनात ते चौकोन पावसाचे थेंब आहेत, आणि वरचे दोन थर मिळून मुख्यतः उच्चार दाखवतात. इ.स. 100 च्या सुमाराच्या चिनी कोशात या अक्षराच्या तळाशी जेड हे रत्न आहे. खाली व्यक्ती असलेले रूप तिथे पर्याय म्हणून येते.

'की'चा वरचा भाग मुळात तीन आडव्या रेघांचा होता: वर चढणारी वाफ किंवा ढग. जुन्या रूपात त्याखाली तांदूळ आहे, म्हणून 'शिजत्या भाताची वाफ' असे म्हणतात. त्याच कोशात मात्र तांदळासह असलेल्या अक्षराचा अर्थ पाहुण्याला धान्य देणे असा आहे. वाफेचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

रोजच्या जपानीत 'की' हवामान (तेन्की), वीज (देन्की), तब्येत ठणठणीत असणे (गेन्की) अशा साध्या शब्दांत येतो. 'रेइ' भुतासाठीच्या 'यूरेइ'मध्ये आणि दफनभूमीच्या 'रेइएन'मध्येही आहे, म्हणून ते एकटे गोंदवून घेऊ नका. 'रेइकी' हा जोडशब्द उसुईंच्या आधीपासून गूढ, पवित्र वातावरणासाठी वापरात होता. रेकीचा अर्थ म्हणून सांगितले जाणारे 'वैश्विक जीवनशक्ती' लिहायचेच असेल तर भावार्थ म्हणून लिहा, शब्दार्थ म्हणून नको.

लिहिण्याचा सराव नव्या रूपापासून करा. 5 सेंटिमीटरचा चौकोन आखून मध्ये फुली नव्हे, अधिकचे चिन्ह काढा.

'रेइ': पावसाचा भाग 8 रेघांचा. वरची आडवी, डावीकडची छोटी उभी, मग उजवीकडे जाऊन खाली वळणारी, मधली उभी, शेवटी चार थेंब, डावीकडचे दोन आधी. हा भाग चौकोनाच्या वरच्या निम्म्यातच बसवा. तो उंच झाला की खालच्या 7 रेघा चेपतात आणि अक्षर काळा ठिपका दिसते. खाली दोन आडव्या, दोन उभ्या, बाजूंचे दोन तिरके ठिपके, आणि तळाची आडवी सर्वांत लांब.

'की': डावीकडे उतरणारी तिरकी, दोन आडव्या, मग आडवी जाऊन उजवीकडे खाली झुकणारी आणि टोकाशी वर उचललेली रेघ. आत तिरकी फुली, डावीकडे उतरणारी रेघ आधी. चौथ्या रेघेचे टोक उचलायचे राहिले की अक्षर अर्धवट वाटते.

संगणकावर 'रेइकी' टाइप केल्यावर थंड हवेसाठीचा समोच्चारी शब्दही पर्यायात येतो. त्याच्या पहिल्या अक्षरात वर पाऊस नसतो. डावीकडे बर्फाच्या दोन छोट्या रेघा असतात. चीनमधील 'रेइ'च्या सरलीकृत रूपातही पाऊस गायब आहे. छापण्याआधी पहिल्या अक्षराच्या डोक्यावरचे चार थेंब मोजा, आणि गोंदणाचा कागद उलटा लागलेला नाही ना, हे 'की'च्या उजवीकडच्या उचललेल्या टोकावरून तपासा.