ट्रॅकबॉलवाला कीबोर्ड बनवताय? या चुका टाळा

“पॉइंटर अडखळतोय, फर्मवेअरमध्ये काय बदलू?” हा प्रश्न ऐकून कान किटले. फर्मवेअर म्हणजे कीबोर्डाच्या चिपमधला प्रोग्राम; त्यात काहीही बदलू नका. आधी ट्रॅकबॉल, म्हणजे पॉइंटर हलवायला फिरवायचा तो गोळा, बोटाने दाबून बघा.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्या पहिल्या स्प्लिट (दोन भागांत विभागलेल्या) कीबोर्डात ३४ मिमीचा बॉल होता, त्याखाली तीन सिरॅमिक मणी आणि बॉलची हालचाल टिपणारा पीएमडब्ल्यू ३३६० सेन्सर. पॉइंटर डावीकडे नीट जायचा, उजवीकडे मध्येच गोठायचा. दोन रात्री मी सीपीआय (बॉल फिरवल्यावर पॉइंटर किती सरकेल तो आकडा) वरखाली केला, ड्रायव्हर बदलला, सगळ्या तारा पुन्हा सोल्डर केल्या. तिसऱ्या दिवशी वैतागून बॉल खाली दाबला, तर पॉइंटर सुतासारखा सरळ! या सेन्सरला पृष्ठभाग लेन्सपासून साधारण २.४ मिमीवर लागतो. एका मण्याच्या खोबणीत थ्रीडी प्रिंटच्या सपोर्टचा कचरा राहिला होता, म्हणून बॉल अर्धा मिमी वर बसला होता. कटरच्या टोकाने खरवडलं, काम झालं. तेव्हापासून सेन्सर मी कधीच चिकटवत नाही. स्क्रूने बसवतो आणि त्याच्या पाटीखाली जाड कार्डाचे तुकडे सरकवून उंची जुळवतो. कॅलिपरवाले हसतात, हसू देत.

दुसरी चूक निव्वळ घाईची: हात न मोजता पीसीबी (की आणि चिप ज्यावर बसतात तो सर्किट बोर्ड) मागवणे. स्क्रीनवर रचना देखणी दिसते, आणि पाच बोर्ड हातात आल्यावर कळतं की अंगठा बॉलपर्यंत पोचतच नाही. की-की मधलं १९.०५ मिमी अंतर ठरलेलं असतं. करंगळीची लांबी नसते. रचना कागदावर खऱ्या मापात छापा, पुठ्ठ्यावर चिकटवा, बॉलच्या जागी मातीच्या गोळ्यात एक मोठी गोटी बसवा आणि डोळे मिटून हात ठेवा. मग स्वतःला विचारा: अंगठा बॉलवर असताना क्लिक कोणतं बोट करणार? याचं उत्तर नसलेले आराखडे मी बघतसुद्धा नाही.

बाकीचं थोडक्यात. या सेन्सरची चिप १.८ ते २.१ व्होल्टवर चालते. मॉड्यूलवर व्होल्टेज कमी करणारा रेग्युलेटर आहे का, हे न बघता पाच व्होल्ट जोडलेत तर सेन्सर गेला. कीबोर्डाचे दोन भाग जोडणारी टीआरआरएस वायर (ऑडिओसारख्या, चार संपर्कांच्या प्लगची) वीज चालू असताना काढू नका, प्लग सरकताना आतले संपर्क एकमेकांना शॉर्ट करतात. याच वायरमधून सेन्सर दुसऱ्या भागाला जोडायचा हट्टही सोडा: सेन्सर कंट्रोलरशी, म्हणजे कीबोर्डाच्या मुख्य चिपशी, ज्या एसपीआय पद्धतीने बोलतो तिला चार सिग्नल लागतात, वर वीज आणि ग्राउंड, वायरीत मुळात चारच वाटा. बॉल ज्या भागात, सेन्सर त्याच भागातल्या कंट्रोलरला. सगळे डायोड (कीजवळचे, वीज एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग) उलटे लागले? रडू नका, डीसोल्डरही करू नका, फर्मवेअरमध्ये दिशेची एक ओळ बदला. पॉइंटर आडवा पळतोय? तोही तिथेच फिरवता येतो.

आणि बॉल हलला की आपोआप माऊस लेअर (ज्यात काही की माऊसच्या बटणांचं काम करतात) चालू होण्याची सोय. क्यूएमके या कीबोर्डाच्या फर्मवेअरमध्ये ती आहे, नवशिक्यांना भारी आवडते. मी ती बंदच ठेवतो आणि लेअरसाठी एक की दाबून धरतो. कारण एकदा टाइप करताना अंगठा बॉलला जेमतेम घासला, ‘जे’च्या जागी क्लिक झालं, आणि पॉइंटर नेमका ‘पाठवा’वर होता.