वेबपान मोडलं की आधी एचटीएमएल (पानाची रचना सांगणारा कोड) तपासा

छोटासा बदल केला आणि साइडबार थेट फूटरखाली जाऊन बसला? सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) मार्जिन कमी-जास्त करत तास घालवू नका.

१. पानाचा सोर्स (मूळ कोड) कॉपी करून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मोफत व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनात, पेस्ट करा. साइट लाइव्ह नसली तरी चालतं.
२. फक्त पहिली चूक दुरुस्त करा आणि पुन्हा तपासा. बंद न केलेल्या एका डिव्हमुळे (पानाचा भाग बांधणाऱ्या टॅगमुळे) खाली चुकांची रांग लागते; ती बरेचदा एका फटक्यात नाहीशी होते.
३. पहिल्या ओळीत डॉकटाइप (हे एचटीएमएल पान आहे असं ब्राउझरला सांगणारी घोषणा) आहे ना, तेही बघा.

मात्र व्हॅलिडेटरने पास केलं म्हणजे काम झालं असं नाही. चित्राचा ऑल्ट (चित्राचं वर्णन करणारा मजकूर) रिकामा ठेवला तरी तो तक्रार करत नाही, पण स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला ते चित्र कळतच नाही.