फुकट ट्रायलचा गैरवापर रोखताना या चुका टाळा

आपल्या सॉफ्टवेअरची १४ दिवसांची फुकट ट्रायल संपली की एकच माणूस दर वेळी नवा ईमेल टाकून ती पुन्हा सुरू करतोय, हे कळलं की चीड येते. पण त्या भरात लावलेले निर्बंध बहुतेक वेळा प्रामाणिक ग्राहकालाच जाचतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या ओळख क्रमांकावरून, सरसकट बंदी. एका ऑफिसातले सगळे बाहेरून एकाच आयपीवर दिसतात. मोबाइल नेटवर्कवर तर एकमेकांशी संबंध नसलेल्या असंख्य लोकांत एकच आयपी वाटलेला असतो. आम्ही अशी बंदी घातली तेव्हा एका प्रशिक्षण वर्गात पहिल्या मुलीचं खातं उघडलं आणि बाकी सगळ्यांच्या स्क्रीनवर आलं, ‘तुमची ट्रायल संपली आहे’. ज्यांनी सॉफ्टवेअर उघडलंही नव्हतं, त्यांना आम्ही चोर ठरवलं. आयपीवरून संशय घ्या, निकाल देऊ नका.

ईमेल जसाच्या तसा जुळवून पाहणं ही दुसरी चूक. जीमेल नावातले टिंब मोजत नाही आणि अधिक चिन्हापुढचा मजकूरही सोडून देतं. म्हणजे एकाच इनबॉक्सवर शेकडो ‘नवे’ ग्राहक! टिंब आणि ती शेपटी काढून मगच पत्ते ताडून पाहा. मात्र टिंबाचा नियम जीमेलपुरताच ठेवा. इतरत्र टिंबाच्या फरकाने दोन वेगळी माणसं असू शकतात. मेल पाठवायला मूळ पत्ताच वापरा.

ट्रायलसाठी सगळ्यांकडे क्रेडिट किंवा डेबिट कार्ड मागितलं की गैरवापर घटतो, पण नोंदण्याही घटतात. जिथे फुकट्याचा खर्च खरोखर अंगावर येतो तिथेच ते मागा. फुकट सर्व्हरवर क्रिप्टो मायनिंग (संगणकाची ताकद वापरून आभासी चलन कमावणं) सुरू झालं, तेव्हा कोड साठवण्याची आणि चालवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबने मे २०२१ पासून नव्या फुकट खात्यांना कार्डाची अट घातली, तीही सामायिक रनर, म्हणजे ग्राहकांचा कोड चालवणारे गिटलॅबचे संगणक, वापरण्यापुरती. ॲप चालवण्यासाठी सर्व्हर देणाऱ्या हेरोकूने मात्र गैरवापराला कंटाळून नोव्हेंबर २०२२ मध्ये फुकट प्लॅनच गुंडाळले.

माझ्या मते दिवसांपेक्षा वापरावर मर्यादा घालणं केव्हाही बरं: इतके एक्सपोर्ट, इतकी मिनिटं.

आणि अडवायचंच असेल तर त्याच स्क्रीनवर ‘मुदत वाढवून हवी आहे का?’ हे बटण द्या. तिसऱ्यांदा आलेल्या कितीतरी जणांना पहिल्या वेळी डेटा भरायलाच सवड मिळालेली नसते.