पायाला पट्टी, मनात धास्ती: बुजऱ्या घोड्यासोबत काम सुरू करणाऱ्यांसाठी

टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा पायातला दोरीसारखा भाग) गेलेला रेसचा घोडा पुन्हा कामाला लागायला ९ महिने ते वर्षभर जातं, कधी त्याहून जास्तही. या काळातलं पायाचं वेळापत्रक पशुवैद्य लिहून देतात: इतके आठवडे खोलीत बंद, मग रोज इतकी मिनिटं हातात धरून चालवणं, मग सोनोग्राफी, सगळं ठीक दिसलं तर थोडी दुलकी. घोड्याच्या मनाचं वेळापत्रक मात्र कुणी लिहून देत नाही, आणि नवा माणूस नेमका तिथेच अडतो. पुण्याजवळच्या एका तबेल्यात मी हेच काम करते. शर्यतीतून बाहेर पडलेले, जायबंदी झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीचे घोडे, आमच्याकडे येतात. या कामात शिरू पाहणाऱ्यांचे फोन येतात तेव्हा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "ताई, घोडा फार बुजतो, काय करू?"

पहिलं उत्तर ऐकून लोक नाराज होतात. काहीच करू नका, आधी दुखतंय का ते बघा.

बुजणं आणि दुखणं बाहेरून सारखंच दिसतं. खोगीर जवळ आणलं की मागे सरकणारा घोडा खोगिराला घाबरत असेल, किंवा त्याची पाठ दुखत असेल. रेसच्या घोड्यांत पोटातले अल्सर अतिशय सामान्य आहेत, आणि अल्सरवाला घोडा पट्टा आवळताना चावायला धावतो. दाताला धार आलेली असेल तर लगाम नकोसा होतो. घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक पद्धत २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. कान ताठ होऊन मागे वळलेले, पापण्या आवळलेल्या, डोळ्यावरचा भाग ताणलेला, जबड्याचे स्नायू घट्ट, ओठ आवळून हनुवटी पुढे आलेली, नाकपुड्या ताठ, या सगळ्याला त्यात गुण दिले जातात. नवख्यांनी घोड्यावर बसायला शिकण्याआधी हे शिकावं असं माझं मत आहे. वेदना असलेल्या घोड्याला धीट करण्याचा कार्यक्रम हाती घेणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच. पशुवैद्यांनी हिरवा कंदील दिल्यावरच पुढचं बोलायचं.

आता हा घोडा असा का झाला? थरोब्रेडचं आयुष्य बघा. दीड-दोन वर्षांचा असताना त्याच्या पाठीवर माणूस बसतो. पहाटे ट्रॅकवर काम, बाकी जवळजवळ सगळा दिवस खोलीत. कामाला निघताना आगेमागे दुसरे घोडे असतातच, एकट्याने कुठे जायची वेळ येत नाही. लगाम ताणला की थांबायचं हे आपल्याला उघड वाटतं, पण ट्रॅकवर जॉकी लगाम घट्ट धरून पळवतो, त्यामुळे तोंडावरचा दाब म्हणजे 'पळ' असं काही घोडे शिकलेले असतात. पाय दुखावतो आणि एका दिवसात हे सगळं बंद. दाणा कमी, काम शून्य, शेजारचे घोडे रोज बाहेर जातात आणि हा खोलीत. अशा घोड्याला 'माजलाय' म्हणणारे बरेच भेटतील. मला तो शब्द पटत नाही. ज्याच्या दिवसातली प्रत्येक ओळखीची गोष्ट काढून घेतली गेलीय, तो चमकणारच.

यात आणखी एक अडचण आहे, आणि सवारीच्या पुस्तकी ज्ञानावर येणाऱ्यांना ती माहीत नसते. अस्वस्थ घोड्यासाठी सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे लंजिंग: लांब दोरीला धरून गोल गोल पळवा, जोर जिरला की शांत होईल. टेंडनच्या घोड्याला हे वर्ज्य. छोट्या वर्तुळात आतल्या पायांवर वेडावाकडा ताण येतो. जखम भरताना टेंडनमध्ये आधी जो धागा तयार होतो तो कमकुवत असतो, आणि तो सरळ रेषेत बसावा म्हणूनच तर मोजूनमापून चालवणं चालू असतं. एक उधळणं, एक घसरणं, आणि कित्येक महिन्यांची मेहनत वाया. म्हणजे घोड्याला धीर द्यायचा तो उभं राहून आणि चालत, एवढ्याच भांडवलावर.

एक उदाहरण देते. कुमैत (तांबूस तपकिरी) रंगाचा, सात वर्षांचा गेल्डिंग, म्हणजे खच्ची केलेला घोडा. कागदावरचं नाव लांबलचक, त्याची देखभाल करणारे सईसचाचा त्याला मुन्ना म्हणायचे. पुढच्या डाव्या पायाचं टेंडन गेलेलं. खोलीत गरीब, पण दाराबाहेर पाऊल टाकलं की मान वर, डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसायचे, आणि शेडच्या कोपऱ्यावरच्या निळ्या ताडपत्रीपाशी आला की चारही पायांवर खिळून जायचा. वारा आला की ताडपत्री फडफडायची आणि मुन्ना अंगावर यायचा. पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे ताडपत्री काढता येत नव्हती. तिच्याखाली गवत होतं.

तबेल्यात दोन मतं पडली. एक मत नेहमीचं: ताडपत्रीचा तुकडा त्याच्या खोलीतच बांधा, दोन दिवस नाचेल, मग सवय होईल. असं करून काही घोडे शांत होतात हे खरं आहे. पण बरेचसे शांत झालेले नसतात, सुटका नाही हे कळून थिजलेले असतात, आणि खोलीतला नाच दुखऱ्या पायावर व्हायचा. डेन्मार्कमध्ये तरुण घोड्यांना पांढऱ्या नायलॉनच्या पिशवीची सवय लावायच्या वेगवेगळ्या पद्धती तपासल्या गेल्या, तो अभ्यास २००६ चा. पायरीपायरीने सवय लावलेल्या घोड्यांनी सर्वांत कमी वेळा पळ काढला आणि त्या गटातले सगळेच्या सगळे घोडे अखेर शांत झाले. इतर पद्धतींत काही उरले ते उरलेच. हे मी तिथे सांगितलं, पण खरं वजन पडलं ते चाचांच्या बोलण्याचं. ते म्हणाले, "याला दूरूनच बघू दे. तो सांगेल कधी जायचं ते."

मग रोजच्या चालण्यातच काम सुरू केलं. ताडपत्री दिसते पण श्वास बदलत नाही, असं अंतर शोधलं. तिथे थांबायचं. मान थोडी उतरली, कान ढिले पडले की लगेच वळून परत. नवख्यांना हे उलटं वाटतं: शांत झाला तर पुढे न्यायला हवं ना? नाही. त्याला जे हवंय ते म्हणजे तिथून दूर जाणं, आणि ते शांत राहिल्यावर मिळतं हे त्याला कळायला हवं. ताणल्यावर, उड्या मारल्यावर दूर गेलात तर तो तेच शिकेल. दोरीवरचा दाबही असाच. पुढे चल म्हणून हलका दाब दिला, त्याने अर्धं पाऊल टाकलं, की दाब त्याच क्षणी सोडा. दोन सेकंद उशीर झाला तर कशाचं बक्षीस मिळालं हे त्याला समजत नाही. सगळं कौशल्य या सोडण्यात आहे.

अंतर दररोज कमी होईल असं समजू नका. मुन्नाही काही दिवस मागे जायचा. आदल्या रात्री वादळ झालंय, सकाळी नालबंद येऊन गेलाय, शेजारचा घोडा हलवलाय. एकेकटी गोष्ट त्याला चालली असती, पण तिन्ही एकाच दिवशी आल्या की ताडपत्री जड जाते. अशा दिवशी ताडपत्रीच्या वाटेलाच जाऊ नये, चालण्याची मिनिटं दुसऱ्या बाजूला पुरी करावीत. मी एक साधी वही ठेवते: हवा, आवाज, कोण आलं-गेलं, आणि कुठल्या अंतरावर घोडा थांबला. चांगला दिवस कशामुळे चांगला गेला हे वहीतून दिसतं, आठवणीतून दिसत नाही.

खाऊ द्यावा का? द्यावा, पण मोजका, आणि घोडा शांत असताना. तबेल्यात दाणा आधीच कमी केलेला असतो, तेव्हा गाजराचे बारीक तुकडे किंवा मूठभर लसूणघास पुरे. अंगचटीला येणाऱ्या घोड्याला हातातून न देता घमेल्यात टाकावा. खाऊपेक्षा मला खाजवणं आवडतं. आयाळ संपते तिथल्या उंचवट्याजवळ घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात, आणि त्या जागी खाजवल्यावर हृदयाचे ठोके कमी होतात हे १९९३ साली मोजलं गेलंय. स्वस्थ घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवून ते मोजायला शिका. घोडा घाबरलाय की नुसता हट्ट करतोय या वादात हा आकडा बरंच काही सांगून जातो. मानेवर थापट्या मारणं मात्र थांबवा. ते माणसांनाच आवडतं.

आता तुमच्याबद्दल. स्वीडनमध्ये २००९ साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांना घोडा घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काही वेळा जायला सांगितलं आणि शेवटच्या फेरीआधी बजावलं, की आता वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही, पण माणसाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही. त्यामुळे 'घाबरू नकोस, घोड्याला कळतं' हा सल्ला बरोबर असला तरी उपयोगाचा नाही. सांगून कुणी घाबरायचं थांबत नाही. उपयोगाचं असतं ते असं: श्वास सोडताना लांबवा, नजर घोड्यावरून काढून पुढच्या खांबावर ठेवा, दोरी हाताला कधीही गुंडाळू नका, हेल्मेट आणि बंद बूट घाला. आपण सुरक्षित आहोत हे तुमच्या अंगाला माहीत असलं की अर्धी धडधड तिथेच कमी होते. उभं राहायचं खांद्यापाशी. घोड्याला आजूबाजूचं जवळजवळ सगळं दिसतं, पण कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या मागचं दिसत नाही. आणि डावीकडून जे शिकवलं ते उजवीकडूनही शिकवा. रेसच्या घोड्यांची सगळी हाताळणी डावीकडून झालेली असते, उजवीकडे तुम्ही त्यांना अनोळखी वाटता.

पुण्यात काम करायचं तर गणपती आणि दिवाळी धरूनच आखणी करावी लागते. ढोल-ताशाचा सराव उत्सवाच्या कितीतरी आधी सुरू होतो, ही खरं तर सोय आहे. लांबून, हळू येणारा आवाज रोज थोडा थोडा कानावर पडतो, त्याच वेळेला गवत द्यायचं. फटाक्यांचं तसं नाही, ते अचानक येतात. त्या रात्री खोलीत भरपूर गवत, दिवा चालू, शेजारी शांत घोडा, आणि बाहेर नेणं बंद. गुंगीचं औषध द्यायचं की नाही, किती द्यायचं हे फक्त पशुवैद्य ठरवतात. औषध दिलेला घोडा झोपाळू दिसला तरी अचानक लाथ मारू शकतो, त्याच्या मागून जाऊ नका.

सगळ्यात धोक्याचा दिवस पहिल्यांदा मोकळं सोडण्याचा. महिनोन्महिने बंद असलेला घोडा मैदान बघितल्यावर काय करेल ते सांगता येत नाही. म्हणून पशुवैद्यांनी परवानगी दिली की आधी चालवून आणायचं, मग खोलीपेक्षा थोड्याच मोठ्या कुंपणात सोडायचं, जमीन चिखलाची नसावी, आत गवताचे ढीग आधीच टाकलेले असावेत, कुंपणाला लागून एक म्हातारा, निवांत घोडा असावा. मुन्नाला सोडलं तेव्हा तो दोन पावलं उडाला, मग त्याचं तोंड गवतात गेलं आणि तासभर तिथेच राहिलं. ताडपत्रीजवळून तो आता जातो. थांबून बघतो, फुरफुरतो, आणि जातो. त्याचं तेवढं थांबणं मी कायमचं मान्य करून टाकलंय.

काम शोधायला निघाल तेव्हा उत्तम सवारी येते असं सांगण्याची गरज नाही. पहिलं वर्ष बहुधा लीद काढण्यात, खराऱ्यात आणि पट्ट्या बांधण्यात जाईल. पट्टी बांधणं जाणत्या माणसाकडूनच शिका, वाकडी-आवळ बांधलेली पट्टी टेंडनला इजा करते. वैद्यकाची बाजू धरायची असेल तर पशुवैद्यकीय पदवी हाच मार्ग. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, सातारा जिल्ह्यात शिरवळलाही एक आहे. तबेला निवडताना पहाटे दाण्याच्या वेळी जाऊन एक कोपरा धरून उभे राहा. माणूस दारात आल्यावर घोडे पुढे येतात की भिंतीकडे तोंड करतात ते बघा, आणि सईसांशी मालक कसा बोलतो तेही ऐका. पगाराची चौकशी त्यानंतर करा.