रिब्ज बाहेरून काळ्या, आतून चिवट: माझं काय चुकत होतं

दोन वेळा पोर्क रिब्ज (डुकराच्या बरगड्यांचं मांस) ग्रिलवर अक्षरशः वाया घालवल्या, वरून करपलेल्या, आत रबरासारख्या, आणि धुराची कडू चव जिभेवर रात्रभर राहिली. फार वाईट वाटलं, रात्रभर मॅरिनेट केलेलं मटेरियल होतं ते.

मुख्य चूक मॅरिनेडची. त्यात मध आणि साखर होती, आणि मी थेट निखाऱ्यावर ठेवत होतो, मग साखर जळणारच ना. आता मॅरिनेड नीट निथळून पुसून घेतो, कोळसे ग्रिलच्या एका बाजूला लोटतो, रिब्ज दुसऱ्या बाजूला, झाकण बंद, आणि ग्रिलच्या आतल्या हवेचं तापमान ११० ते १२० डिग्री सेल्सिअस धरून चार-पाच तास सोडून देतो. गोड सॉस फक्त शेवटच्या दहा मिनिटांत.

हाडाच्या बाजूला पातळ पांढरट पडदा असतो तो आधी काढायचा, कडेला सुरीचं टोक घालून थोडा उचलायचा आणि टिश्यू पेपरने घट्ट पकडून ओढायचा, सर्रकन निघतो.

कडवटपणा दाट पांढऱ्या धुरामुळे येत होता, म्हणजे धुरासाठी निखाऱ्यावर टाकलेलं लाकूड नुसतं धुमसत होतं. खालची वरची हवेची भोकं उघडली, सुकं लाकूड अगदी थोडं टाकलं, धूर पातळ निळसर झाला आणि चव बदलली.

मांस आतून ७० डिग्रीला शिजलेलं असतं पण चिवटच लागतं, त्यातलं कोलॅजन, म्हणजे मांस चिवट करणारं प्रथिन, विरघळायला ९० ते ९५ पर्यंत न्यावं लागतं. चिमट्याने मधोमध उचलल्यावर रिब्जची पट्टी वाकून वरून तडा जायला लागला की झालं.